सूचना निघते, पण पाळण्यापर्यंत पोहोचत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाळणा मोडला, रोलर कोस्टरची एक गाडी दुसरीवर आदळली किंवा चालत्या राइडमधून कुणी फेकले गेले, की बातमीत दोन गोष्टी हमखास येतात. परवाना होता का आणि गुन्हा कुणावर नोंदवला. हे दोन्ही विचारायलाच हवे. पण या यंत्रांची तपासणी, देखभाल आणि ऑपरेटरांचे प्रशिक्षण हेच काम करणाऱ्या आम्हा मंडळींना तिसराच प्रश्न जास्त छळतो. हाच दोष याच बनावटीच्या दुसऱ्या राइडवर आधी कुणाच्या नजरेस आला होता का? आला असेल, तर या ऑपरेटरला तो कुणी कळवला का नाही? आपल्या वाचकांत पाळणेवाले आहेत, उद्यानांचे व्यवस्थापक आहेत, परवाना देणारे अधिकारी आहेत आणि मुलांना घेऊन राइडवर बसणारे पालकही आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

मोटारीचे एखादे मॉडेल लाखांनी खपते, त्यामुळे त्यातली खोट लवकर उघडी पडते. राइडचे तसे नसते. एका मॉडेलची यंत्रे जगभरात मिळून काही डझन, कधी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात, आणि तीही निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या मालकांकडे विखुरलेली. एका मालकाला एखादा दोष आयुष्यात एकदाच दिसतो आणि तोही बऱ्याचदा उशिरा. वेल्डिंगच्या कडेला पडलेला पहिला बारीक तडा एका ठिकाणी कुणीतरी पाहिला असेल, तर बाकीच्यांना तो शोधायला कुठे बघायचे हे त्या एका माणसाकडूनच कळू शकते. म्हणून या धंद्यात सुरक्षेची माहिती स्वतःजवळ ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही, अगदी स्पर्धकांचाही नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेत २६ जुलै २०१७ रोजी ‘फायर बॉल’ या झुलत्या राइडची एक आसनरांग हातापासून तुटून निघाली. एका तरुणाचा जागीच मृत्यू झाला, सात जण जखमी झाले. राइडची तपासणी त्याच दिवशी होऊन ती चालवायला परवानगी मिळालेली होती. डच निर्माती कंपनी केएमजीने नंतर कारण सांगितले ते असे: आसने धरणाऱ्या पोकळ तुळईला आतून गंज चढला होता आणि तिच्या पत्र्याची जाडी धोकादायकरीत्या कमी झाली होती. राइड तेव्हा अठरा वर्षांची होती. बाहेरचा रंग नीट असेल, तर नुसत्या डोळ्यांनी हा दोष दिसणे शक्य नाही. अपघात होताच कंपनीने त्या मॉडेलच्या जगभरच्या मालकांना राइड बंद ठेवायला सांगितले. माहिती वाटण्याची ही योग्य रीत आहे. तांत्रिक कारण पूर्ण सिद्ध होण्याआधी ‘थांबवा’ म्हणायचे आणि मग काय तपासायचे ते कळवायचे.

पण ‘पोकळ तुळया तपासा’ एवढेच कळवून काम होत नाही. ते वाक्य वाचून बहुतेक ठिकाणी माणूस हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि वहीत ‘ठीक’ लिहितो. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने, म्हणजे धातूत ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून जाडी सांगणाऱ्या उपकरणाने, घ्यावी लागते. मापक आधी त्याच धातूच्या, माहीत असलेल्या जाडीच्या ठोकळ्यावर जुळवून घ्यायचा. मोजमाप तुळईच्या खालच्या बाजूला आणि जोडाजवळ जास्त दाट घ्यायचे, कारण पाणी तिथेच साठते. रंगाच्या थरातून ध्वनी पोलादापेक्षा बराच हळू जातो. त्यामुळे साध्या पद्धतीने मोजले तर रंगाच्या जाडीच्या दुपटीहून जास्त भर आकड्यात पडते आणि झिजलेली तुळई धडधाकट वाटते. अनेक थर रंगवलेल्या जुन्या राइडवर हा फरक मोठा असतो. म्हणून एकतर रंग खरवडायचा, नाहीतर लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधले अंतर मोजणारी पद्धत वापरायची. वहीत सरासरी नव्हे, सर्वांत कमी आलेला आकडा आणि तो कुठे आला ते लिहायचे. आणि पाणी निचऱ्याची छिद्रे! रंगकामात ती बुजतात, किंवा कुणीतरी ‘पाणी आत जाऊ नये’ म्हणून मुद्दाम बुजवतो. मग आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. हा सगळा तपशील सूचनेत असला, तरच ती सूचना उपयोगाची.

जपानमधल्या ओसाकाजवळच्या एक्स्पोलँड उद्यानात ५ मे २००७ रोजी उभे राहून फिरायच्या रोलर कोस्टरच्या चाकाचा एक्सल तुटला. एक तरुणी मृत्युमुखी पडली आणि एकोणीस जण जखमी झाले. कारण धातूची थकावट. राइड १९९२ मध्ये सुरू झाल्यापासून तो एक्सल पंधरा वर्षांत एकदाही बदलला नव्हता, आणि आतले तडे शोधणारी तपासणी गर्दीच्या सुट्ट्यांनंतर करू म्हणून पुढे ढकलली होती. त्यानंतर सरकारने देशभरातल्या कोस्टरांची तपासणी करायला लावली. एक्सलचा तडा जिथे सुरू होतो ती जागा म्हणजे आट्यांच्या तळाची खाच किंवा हबखाली झाकलेला भाग. एक्सल गाडीवर असताना ती दिसतच नाही. तो काढून, पुसून, मॅग्नेटिक पार्टिकल पद्धतीने (चुंबकत्व देऊन लोखंडी भुकटी कुठे जमते ते पाहून) बघावा लागतो. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंगद्रव) वापरत असाल, तर रंग आणि ग्रीस पूर्ण काढा, पण ग्राइंडरने घासू नका. घासल्याने धातू पसरून तड्याचे तोंड मिटते आणि रंगद्रव आत शिरतच नाही. द्रव लावल्यावर साधारण दहा ते वीस मिनिटे थांबायचे, डब्यावर लिहिलेली वेळ पाळायची. जादा द्रव ओलसर फडक्याने टिपायचा, क्लीनरचा फवारा थेट मारायचा नाही. नाहीतर तड्यातला द्रवही धुऊन निघतो आणि भाग निर्दोष ठरतो. घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बाहेरची माहिती न पोहोचणे ही एक अडचण. त्याहून वाईट म्हणजे एकाच उद्यानातली माहिती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न जाणे.

ब्रिटनमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानातल्या ‘स्मायलर’ कोस्टरवर २ जून २०१५ रोजी सोळा जणांची गाडी मार्गावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. पाच जणांना गंभीर दुखापत झाली, त्यांतल्या दोघींना पाय गमवावा लागला. संगणकाने पुढचा टप्पा रिकामा नाही हे ओळखून भरलेली गाडी थांबवली होती. यंत्रणा बरोबर होती. पण तो थांबा खोटा आहे असे समजून अभियंत्यांनी तो ओलांडून गाडी पुढे सोडली. त्या दिवशी मार्गावर पाचवी गाडी चढवली होती, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. वारा जोराचा होता आणि त्याने रिकामी गाडी मध्येच अडली होती. उद्यानाच्या मालक कंपनीला २०१६ मध्ये पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. इथे नवे यंत्र बसवायची गरज नव्हती. आत्ता मार्गावर किती गाड्या आहेत आणि त्या कुठे आहेत, हे लिहिलेला एक फळा आणि ‘थांबा ओलांडण्याआधी दोघांनी प्रत्येक गाडी डोळ्यांनी पाहून मोजायची’ असा लेखी नियम, एवढे पुरेसे होते.

ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्ड उद्यानाच्या ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ या तराफ्यांच्या जलराइडवर २५ ऑक्टोबर २०१६ रोजी चौघांचा मृत्यू झाला. पाणी चढवणारा पंप बंद पडला आणि पाण्याची पातळी झपाट्याने उतरली. एक तराफा रुळांवर टेकला, मागून कन्व्हेयरने आणलेला तराफा त्याला धडकून उभा झाला. तोच पंप त्या दिवशी आधीही बंद पडला होता. पाणी उतरले तर कन्व्हेयर आपोआप थांबेल अशी सोय नव्हती. उतरण्याच्या फलाटाजवळ कन्व्हेयर झटक्यात थांबवणारे बटण होते, पण तिथे त्याच दिवशी पहिल्यांदा काम करणाऱ्या ऑपरेटरला त्याचे महत्त्व सांगितलेले नव्हते. २००१ मध्ये याच राइडवर रिकामे तराफे आदळून एक उलटला होता. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच यंत्राने इशारा दिला होता. मृत्युचौकशीचा अहवाल २०२० मध्ये आला. मध्यंतरीची तीन-चार वर्षे, अशाच प्रकारची जलराइड चालवणाऱ्या माणसाने काय करायचे?

अमेरिकेतच ऑरलँडो शहरात २४ मार्च २०२२ रोजी एक चौदा वर्षांचा मुलगा उंच मनोऱ्यावरून खाली येणाऱ्या राइडच्या आसनातून निसटला. त्याच्या आसनाचा सेन्सर हाताने जुळवून सैल केलेला आढळला. हार्नेस (माणसाला आसनात धरून ठेवणारा अडसर) आणि आसन यांतली फट इतर आसनांच्या जवळपास दुप्पट असूनही नियंत्रण पॅनेलवर दिवा हिरवा लागत होता. निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत माणसाच्या वजनाची मर्यादा १३० किलो दिली होती आणि मुलाचे वजन त्याहून जास्त होते. पुस्तिका होती, आकडाही होता. तो आकडा प्रवेशद्वारावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचला नाही, आणि सेन्सर हलवल्याची गोष्ट पॅनेलसमोर बसलेल्याला ठाऊक नव्हती.

आता निर्मात्याकडून निघालेली सूचना वाटेत कुठे हरवते ते बघू. फिरत्या राइडचे मालक बदलतात. नवा मालक ती नव्या रंगात रंगवतो आणि तिला नवे नाव देतो. निर्मात्याच्या यादीत पहिल्या मालकाचाच पत्ता राहतो. कधी निर्माती कंपनीच बंद पडते, मग सूचना काढणारेच कुणी उरत नाही. सूचना मिळाली तरी ती परक्या भाषेत, दहा पानांची, आकृतीतले आकडे न दिसणारी असते आणि कार्यालयातल्या फायलीत जाऊन बसते. शिवाय ‘आपली राइड ती नव्हे’ हे उत्तर फार लवकर दिले जाते. नाव वेगळे असले तरी आतला स्लू-रिंग (राइड ज्यावर फिरते ते मोठे बेअरिंग), गिअरबॉक्स किंवा लॅप बारचे (मांडीवर येणाऱ्या अडसराचे) कुलूप त्याच कारखान्यातले असू शकते. एखाद्या राइडची हुबेहूब नक्कल वर्कशॉपमध्ये बनवलेली असेल, तर मूळ निर्मात्याची सूचना तिला लागू नाही असे म्हणणे फारच धोक्याचे. नक्कल करताना आकार उतरतो, पण धातूची जात, वेल्डिंगची रीत आणि ताणाचे गणित उतरत नाही. मूळ राइडला जिथे तडा गेला, तिथे नकलेला तो आधी जाण्याची शक्यता जास्त. आमच्या मते नकलेच्या मालकाने मूळ मॉडेलच्या सूचना दुप्पट गांभीर्याने घ्यायला हव्यात.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे सूचना मालकाच्या नावाने नव्हे, यंत्राच्या क्रमांकाने चालवणे. प्रत्येक राइडवर निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि वर्ष कोरलेली पट्टी असायला हवी, तीही मुख्य सांगाड्यावर, सहज सुटणाऱ्या भागावर नव्हे. तिच्याबरोबर राइडची स्वतःची वही. जर्मनीत फिरत्या राइडला अशी तपासणीवही असल्याशिवाय ती उभारताच येत नाही, आणि राइड विकली की वहीही तिच्याबरोबर जाते. ब्रिटनमध्ये एडिप्स योजनेखाली प्रत्येक राइडला क्रमांक मिळतो, दरवर्षी स्वतंत्र तपासणी होते, आणि नॅफ्लिक ही संघटना तांत्रिक बुलेटिने काढते. याउलट अमेरिकेत १९८१ पासून कायमस्वरूपी उद्यानांतल्या राइड केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेर काढल्या गेल्या आणि फिरत्या तेवढ्या आत राहिल्या. एकच मॉडेल जत्रेत असेल तर एका दारात माहिती जाते आणि उद्यानात असेल तर त्या त्या राज्याच्या नियमांवर सगळे अवलंबून. अशी फाळणी करून दोषांचे चित्र कधीच पूर्ण होत नाही. आयएसओ १७८४२ हे आंतरराष्ट्रीय मानक तीन भागांत आहे: रचना व निर्मिती, चालवणे व वापर, आणि तपासणी. या तिन्ही टोकांच्या माणसांनी एकमेकांशी बोलले तरच त्याचा उपयोग.

सूचना लिहिणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. पहिल्याच ओळीत सांगा, राइड आत्ता थांबवायची, उद्या उघडण्याआधी बघायची, की पुढच्या वार्षिक तपासणीत. ही ओळ शेवटच्या पानावर असली तर ती कुणी वाचत नाही. त्यानंतर मॉडेल, कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत, आणि ती राइड आणखी कोणत्या नावांनी विकली गेली. भागाचा फोटो बाण काढून. तडा किंवा झीज किती तासांच्या किंवा किती फेऱ्यांच्या वापरानंतर आढळली. कोणत्या साधनाने बघायचे, किती झीज चालेल आणि किती चालणार नाही. ‘जास्त झिजला असल्यास बदला’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण जास्त म्हणजे किती ते माणसागणिक बदलते. मिलिमीटरमध्ये आकडा द्या. तारीख आणि आवृत्ती घाला आणि ही सूचना कोणत्या जुन्या सूचनेची जागा घेते तेही लिहा. शेवटी एक परतीची चिठ्ठी: बघितले, इतके मोजमाप आले, हे सापडले किंवा काही सापडले नाही. ‘काही सापडले नाही’ हेही निर्मात्याला हवे असते. पन्नास ठिकाणी काही नाही आणि एकाच ठिकाणी तडा, याचा अर्थ निराळा. दहांपैकी सहा ठिकाणी तडा, याचा निराळा.

सूचना हाती आल्यावर मालकाने करायचे काम फार मोठे नाही, पण ते क्रमाने व्हावे लागते. आधी पट्टीवरचा क्रमांक प्रत्यक्ष राइडजवळ जाऊन वाचायचा. कागदावरून आठवून उत्तर द्यायचे नाही. लागू असेल तर राइडच्या मुख्य स्विचला कुलूप घालायचे आणि चावी तपासणाऱ्याच्या खिशात ठेवायची. मोजमापे घेऊन, फोटोसह राइडच्या वहीत नोंदवायची. सूचनेत मर्यादेचा आकडा नसेल, तर तो स्वतः ठरवायचा नाही. निर्मात्याला किंवा रचना जाणणाऱ्या अभियंत्याला विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत राइड बंद ठेवायची. मग त्या राइडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला, हंगामी पोरांनाही, सकाळी राइडसमोर उभे करून त्यांच्या भाषेत सांगायचे आणि तो भाग हाताने दाखवायचा. प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सुट्टीवरून येणारा एक माणूस कायम राहून जातो, त्याची वेगळी नोंद ठेवा. जिथे कामाची माणसे आठवड्याला बदलतात, तिथे तीच सूचना दर आठवड्याला पुन्हा वाचून दाखवावी लागेल. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

सुट्या भागांची माहितीही अशीच पुढे जायला हवी. राइड सोडवताना आणि जोडताना पिन निसटू नये म्हणून लावलेली आर-क्लिप हरवते आणि तिच्या जागी तार किंवा खिळा येतो. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे कुणी वाचत नाही. ८.८ लिहिलेला बोल्ट प्रत्येक चौरस मिलिमीटरला ६४० न्यूटनपर्यंत ताण घेऊनही कायमचा लांबत नाही. ४.६ लिहिलेला बोल्ट २४० लाच लांबायला लागतो. दिसायला दोन्ही सारखेच, आट्या त्याच, पाना तोच. म्हणून वहीत नुसते ‘बोल्ट बदलला’ नको. व्यास, लांबी, प्रत, टॉर्कचा आकडा आणि सही हवी. घट्ट केल्यावर बोल्ट, नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे नवख्या माणसालाही कळते. नव्याने उभारलेल्या राइडचे जोड पहिल्या दिवसाच्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासायलाच हवेत, सुरुवातीला ते बसतात आणि ताण उतरतो.

बायपासबद्दल, म्हणजे सुरक्षा स्विच टाळून राइड चालवण्याबद्दल, आम्ही अजिबात मऊ भूमिका घेणार नाही. लॅप बार नीट बसला की नाही ते कळवणारा लिमिट स्विच सारखा ट्रिप होतो म्हणून दोन तारा जोडून टाकणे हा प्रकार सर्वत्र होतो, आणि तो करणारा माणूस पाळी संपवून घरी जातो. पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला पॅनेलवर सगळे ठीक दिसते. प्रवासी बसलेले असताना बायपास कधीच नको. रिकाम्या चाचणीसाठी लावावाच लागला, तर पॅनेलवर लाल पाटी, तीवर नाव आणि वेळ, आणि काढताना दुसऱ्या माणसाची सही. तात्पुरती जोडतार लांब, भडक रंगाची ठेवा, म्हणजे पॅनेलचे दार बंद करताना ती विसरणे अवघड जाईल. दिवा हिरवा असला तरी प्रत्येक बार हाताने वर ओढून बघणे हे ऑपरेटरचे काम आहेच.

हवा भरून उभारायच्या उड्या मारण्याच्या किल्ल्यांकडे राइड म्हणून बघितलेच जात नाही, म्हणून त्यांच्याविषयी दोन ओळी. ईएन १४९६० या युरोपीय मानकाप्रमाणे किमान सहा ठिकाणी किल्ला जमिनीला धरून ठेवणारे नांगर हवेत आणि प्रत्येकाने १६०० न्यूटन ओढ सोसली पाहिजे. जमिनीत ठोकायच्या लोखंडी मेखा ३८० मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड असाव्यात. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की मुले उतरवून हवा सोडायची. हे पाच आकडे पाठ नसलेल्या माणसाच्या हातात किल्ला देऊ नये.

आता उलट दिशेचा प्रवाह. ऑपरेटरकडे जी माहिती असते ती कुणाकडेच नसते. कोणता बार तिसऱ्या फेरीला सैल लागतो, कोणत्या बेअरिंगचा आवाज ऊन चढल्यावर बदलतो, कोणता ब्रेक पावसात उशिरा धरतो, हे त्याला ठाऊक असते. तो सांगत नाही, कारण सांगितल्यावर राइड बंद पडते आणि बोल त्यालाच लागतो. मालक सांगत नाही, कारण उद्या तोच कागद न्यायालयात किंवा विमा कंपनीपुढे येईल अशी भीती असते. अमेरिकेत विमान वाहतुकीसाठी १९७६ पासून नासा ही संस्था एक गोपनीय नोंदयंत्रणा चालवते. नकळत झालेली चूक दहा दिवसांत स्वतःहून कळवणाऱ्याला दंडापासून संरक्षण मिळते, नाव-गाव काढून तीच माहिती सर्वांना वाटली जाते. अपघात आणि गुन्हे या सवलतीत बसत नाहीत. नियामक जो दंड करतो त्याच्याच हातात ही नोंद दिली नाही, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. राइडच्या धंद्यात थोडक्यात टळलेल्या घटनांसाठी असेच हवे: परवाना देणाऱ्यापेक्षा वेगळ्या हातात, नाव न छापता, यंत्राच्या क्रमांकासह. अपघात दडपणाऱ्याला माफी द्या असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयाचा दोषनिर्णय आणि यंत्राचे तांत्रिक कारण हे दोन वेगळे कागद करा, एवढेच म्हणतो. पहिल्याला वर्षे लागली तर लागोत. दुसरा, निदान ‘अमुक भाग बघा’ एवढा तरी, काही दिवसांत बाहेर आला पाहिजे. भरपाईच्या तडजोडीत तांत्रिक कारण गुप्त ठेवायची अट घालण्यालाही आमचा विरोध आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अपघाताच्या व्हिडिओंना सुरक्षेची माहिती समजू नये. त्यांत मॉडेल नसते, तारीख नसते, बऱ्याचदा घटना जुनी किंवा दुसऱ्याच देशातली असते. अशा दहा व्हिडिओंनंतर खरी सूचना आली की तिच्याकडेही तितक्याच दुर्लक्षाने पाहिले जाते. मात्र पाहुण्याने स्वतः पाहिलेली गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या कॅरोविंड्स उद्यानात ३० जून २०२३ रोजी ‘फ्युरी ३२५’ या उंच कोस्टरच्या आधारखांबाला गेलेला तडा एका पाहुण्याच्याच लक्षात आला. गाडी जाताना खांब सरकत असल्याचा व्हिडिओ त्याने काढला, कर्मचाऱ्यांना सांगितले, आणि राइड बंद झाली. म्हणून प्रत्येक राइडच्या दाराशी दोष कळवायचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत हवा, आणि कुणी काही दाखवले तर आधी राइड थांबवायची व मग बघायचे, ही परवानगी अगदी कनिष्ठ ऑपरेटरलाही लेखी दिलेली हवी.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. राइडच्या अपघाताची बातमी देताना कृपया निर्मात्याचे नाव, मॉडेल, बनवल्याचे वर्ष आणि नेमका कोणता भाग निकामी झाला हे मिळेल तितके छापा. स्थानिक नाव पुरेसे नाही, त्या नावाच्या दहा वेगळ्या राइड असतात. शक्य असेल तर पोलिसांचा पंचनामा होताना बातमीदाराने नावपट्टीचा फोटो मिळवावा. आणि काही महिन्यांनी तांत्रिक अहवाल येईल, तेव्हा तो आतल्या पानावर का होईना, पण द्या. त्याच बनावटीची राइड चालवणारा माणूस ती बातमी कापून आपल्या वहीत चिकटवेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाग उघडून बघेल.

आपले,
राइड तपासणी, देखभाल आणि ऑपरेटर प्रशिक्षण या कामातील काही अभियंते व तंत्रज्ञ